पाचशे डॉलरची गाडी आणि पत्र्याचा कायदा

मोटारींची शर्यत म्हणजे पैशांचा धूर, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो फारसा चुकीचाही नाही. या समजाला छेद देणारी एक शर्यत ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, आल्टामाँट येथील ट्रॅकवर प्रथम भरली. तिचे नाव ‘ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स’. फ्रान्समधील ‘ल मां’ या चोवीस तासांच्या विख्यात शर्यतीच्या नावावर केलेली ही उघड कोटी. इंग्रजी बोलीत ‘लेमन’ म्हणजे विकत घेतल्यावर पश्चात्ताप व्हावा अशी रडकी गाडी. मोटारींविषयी लेखन करणारे पत्रकार जे लॅम यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली आणि तिची मूळ अट एका ओळीत मावणारी होती : गाडी विकत घेणे आणि शर्यतीसाठी सज्ज करणे, हे सारे पाचशे डॉलरमध्ये बसले पाहिजे.

अट एका ओळीची असली, तरी तिचा अर्थ लावताना पंच आणि स्पर्धक या दोघांच्याही नाकी नऊ येतात. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर यांना जुन्या बाजारात भाव असतो. पावती दाखवता येते, नसल्यास चौकशी करता येते. गाडीच्या बॉडीचे तसे नाही. भंगारातून उचललेला पत्रा दोन डॉलरचा. पण कुशल हाताने तो कापून, वाकवून, रिबेट मारून योग्य जागी बसवला, तर गाडीचा कायापालट होतो. अशा वेळी मोल कशाचे धरायचे, पत्र्याचे की हाताचे? त्या पत्र्याने गाडी वेगवान होते, सुरक्षित होते, धोकादायक होते, की नुसतीच हास्यास्पद दिसते, हे ठरवायचे कोणी? कमी खर्चाच्या गाडीबांधणी स्पर्धांमध्ये सर्वाधिक हुज्जत होते ती याच मुद्द्यावर.

हिशेबात काय, हिशेबाबाहेर काय

बॉडीविषयीचे नियम वाचण्याआधी खर्चाचा नियम नीट समजून घ्यावा लागतो, कारण एकाचा धागा दुसऱ्यात अडकलेला आहे. ‘लेमन्स’मध्ये चालकाच्या जिवाशी संबंधित वस्तू पाचशे डॉलरच्या हिशेबात धरल्या जात नाहीत. पोलादी नळ्यांचा पिंजरा म्हणजे रोल केज, शर्यतीची आसनव्यवस्था, पट्टे, आग विझवण्याची साधने हे सारे त्याबाहेर. चाके, टायर आणि ब्रेक यांनाही सूट आहे. यामागचा विचार सरळ आहे. पैसे वाचवण्यासाठी कोणी पिंजऱ्याची नळी पातळ घेऊ नये किंवा झिजलेल्या टायरवर धावू नये. त्यामुळे पाचशे डॉलरची म्हणवली जाणारी गाडी प्रत्यक्षात ट्रॅकवर उतरेपर्यंत मालकांच्या खिशाला त्याच्या कित्येक पट भोक पाडते, हेही खरे.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःच्या श्रमाला किंमत नाही. स्पर्धकांनी रात्र रात्र जागून केलेले वेल्डिंग, ठोकाठोकी आणि रंगकाम फुकट धरले जाते. तिसरी गोष्ट अशी की, गाडीचे नको असलेले भाग विकून आलेले पैसे खर्चातून वजा करता येतात. समजा, एखादी गाडी सहाशे डॉलरला घेतली आणि तिची आसने, रेडिओ, हेडलाइट, क्रोमच्या पट्ट्या मिळून अडीचशे डॉलरना विकल्या, तर गाडी साडेतीनशेला पडली. उरलेल्या दीडशे डॉलरचे काय करायचे ते मालकांनी ठरवावे. हेडलाइट काढल्याने पडलेली भगदाडे पत्र्याने बुजवायची असतात, आणि पत्र्याचे राजकारण नेमके येथून सुरू होते. कारण तेथे बसवलेली पट्टी केवळ भोक बुजवणारी राहत नाही. तिला थोडा बाक दिला की ती वारा कापते, मधोमध छिद्र ठेवले की ती ब्रेकला किंवा इंजिनाला गार हवा पोचवते.

ज्याच्याकडे पैसा आहे पण हात नाही, त्याला या नियमांत फारसा वाव नाही. ज्याच्याकडे हात आहे पण पैसा नाही, त्याला बॉडी ही एकमेव मोकळी जागा सापडते. पाचशे डॉलरमध्ये चांगले इंजिन मिळत नाही. पाचशे डॉलरमध्ये चांगला आकार मात्र घडवता येतो. म्हणूनच बॉडीच्या नियमाचा अर्थ अकारण ताणून कडक केला, तर ज्याच्यासाठी ही स्पर्धा मांडली तोच बाहेर पडतो. आणि अकारण सैल सोडला, तर ‘स्वतः केले’ या सबबीखाली कोणाच्या तरी कार्यशाळेतील महागडे काम आत शिरते.

झगा घातलेले न्यायाधीश

यावर ‘लेमन्स’ने काढलेला तोडगा वरवर पाहता तमाशाच वाटेल. शर्यतीच्या आदल्या दिवशी प्रत्येक गाडीची दोनदा तपासणी होते. एक सुरक्षिततेची, जिच्यात विनोदाला थारा नाही. दुसरी बनवाबनवी पकडण्याची. या दुसऱ्या तपासणीला बसणारे पंच न्यायाधीशाचा झगा आणि पांढऱ्या केसांचा टोप घालून येतात. स्पर्धक त्यांना उघडपणे ‘लाच’ देतात. त्यात दारूच्या बाटल्या आणि आपापल्या गावचे खाद्यपदार्थ यांचा भरणा अधिक. लाच स्वीकारल्याचा ठसादेखील रंगाने गाडीवर उमटवला जातो. लपवाछपवी नाही! आपल्याकडील कार्यालयांना ही पद्धत जरा जास्तच पारदर्शक वाटेल.

या तमाशाच्या आड चालणारे काम गंभीर आहे. पंच गाडीभोवती फिरतात, वाकून खाली पाहतात, प्रश्न विचारतात. बॉडीतला हा भाग कोठून आणला, किती पैसे दिले, तो काढून विकला तर कोणी किती देईल? समाधान झाले नाही, तर ते गाडीच्या माथी दंडाच्या फेऱ्या मारतात. नियमाने ठरलेले प्रमाण मर्यादेवरील दर दहा डॉलरला एक फेरी असे होते. म्हणजे एखाद्याच्या मागच्या पंखाची किंमत पंचांनी दोनशे डॉलर धरली आणि त्याच्या हिशेबात तेवढी जागा नसली, तर तो वीस फेऱ्या मागूनच सुरुवात करणार. गाडी बाद होत नाही, चालकाची हौस मारली जात नाही. फक्त जिंकण्याची आशा संपते. शिक्षेची ही मात्रा फार शहाणपणाची आहे. गुन्हा सिद्ध करण्याचा भार पंचांवर पडत नाही आणि नियमांचे पुस्तक दरवर्षी फुगवत बसावे लागत नाही.

गाड्यांची वर्गवारीही पंचच करतात : जिंकण्याची शक्यता असलेल्या ‘अ’ वर्गात, त्याखालच्या ‘ब’ वर्गात आणि शेवटपर्यंत टिकतील की नाही याची शंका असलेल्या ‘क’ वर्गात. सर्वांत मानाचा पुरस्कार पहिल्या येणाऱ्याला मिळत नाही. तो सर्वांत भिकार गाडी घेऊन सर्वांत चांगली कामगिरी करणाऱ्यांना मिळतो. हे बक्षीस ध्यानात घेतले की, बॉडीच्या नियमाचा अर्थ कोणत्या बाजूला झुकणार, याचा अंदाज आपोआप येतो. बॉडीत अशी उलथापालथ करा की लोक हसतील, तर पंच तुमच्या बाजूचे. बॉडीत अशी सफाई करा की घड्याळ हसेल, तर पंच कागद मागणार.

पंख : सजावट की वेग?

वादाचा सर्वाधिक पेटणारा विषय म्हणजे डिकीवर बसवलेला पंख. निव्वळ गमतीच्या सजावटीकडे पंच काणाडोळा करतात. गाडीवर प्लास्टिकचा शार्क बसवला म्हणून कोणी पावती मागत नाही. परंतु तोच शार्क हवेच्या प्रवाहात नेमक्या कोनात बसवला आणि त्याची शेपटी सपाट व रुंद केली, तर तो शार्क उरतो की पंख होतो?

या प्रश्नाचे उत्तर देण्यास थोडे भौतिकशास्त्र उपयोगी पडते. हवेमुळे गाडीवर पडणारा खालच्या दिशेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. ०.३ चौरस मीटर क्षेत्रफळाचा, बऱ्यापैकी आकार दिलेला पंख घेतला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला तो गाडीवर साधारण १४ किलो वजनाइतका भार टाकतो. ताशी १६० किलोमीटरला हाच आकडा ३६ किलोच्या आसपास जातो. एक टन वजनाच्या, दमलेल्या इंजिनाच्या गाडीला वळणावर याचा लाभ होतो, पण नगण्य म्हणावा इतकाच. शिवाय हा हिशेब नीट घडवलेल्या पंखाचा. प्लायवूडची सपाट फळी दोन कोनपट्ट्यांवर ठोकली, तर भार याहून कमी आणि वाऱ्याचा अडथळा मात्र भरपूर.

म्हणजे पंच ज्याच्यावर संशय घेतात तो पंख बहुतेक वेळा गाडीला फारसे काही देत नाही. मग तपासायचे काय? तो कशाला जोडला आहे, हे. डिकीचा पत्रा पातळ असतो. ३० ते ४० किलोचा भार त्यावर तासन् तास थरथरत राहिला, तर पत्रा फाटतो आणि पंख मागून येणाऱ्या चालकाच्या अंगावर जातो. जाणते स्पर्धक पंखाचे पाय डिकीतून खाली नेऊन सांगाड्याच्या भक्कम भागाला जोडतात. पण असे पाय दिसले, की पंच समजतात की हे काम जाणकाराचे आहे आणि त्यांच्या कपाळावर आठी चढते. सुरक्षित पंख संशयास्पद आणि हास्यास्पद पंख धोकादायक, अशी ही कोंडी आहे. तिच्यातून सुटण्याचा मार्ग एकच : पंख भक्कम जोडावा, त्याची किंमत प्रामाणिकपणे हिशेबात दाखवावी आणि कापताना-जोडतानाची छायाचित्रे सोबत ठेवावीत.

पुढच्या बंपरखाली बसणारी आडवी फळी, म्हणजे ‘स्प्लिटर’, हे प्रकरण अधिक नाजूक आहे. तिच्यामुळे गाडीच्या नाकावर भार येतो आणि तो पंखापेक्षा स्वस्तात मिळतो. प्लायवूडचा एक तक्ता, चार दोऱ्या किंवा सळया, एवढ्यावर भागते. परंतु तिची पुढची कड दुसऱ्या गाडीच्या टायरला लागली, तर सुरीसारखे काम करू शकते. त्यामुळे बॉडीच्या रेषेबाहेर आलेली प्रत्येक धारदार कड हा खर्चाचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न मानायला हवा. अशा जागी पंचांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. कड गोल करावी, तिच्यावर रबरी नळी चिरून बसवावी आणि मोकळे व्हावे.

पिवळे केळे

‘नियमात तसे लिहिलेले नाही’ हे वाक्य मोटारशर्यतींइतकेच जुने आहे. १९५१ साली इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन नावाच्या तरुणाने ‘सेव्हन-फिफ्टी मोटर क्लब’च्या स्पर्धेसाठी जुन्या ऑस्टिन सेव्हनपासून हलक्या ॲल्युमिनियम बॉडीची एक गाडी बांधली. हा क्लब १९३९ मध्ये स्थापन झाला आणि सामान्य माणसाला परवडेल अशी शर्यत हेच त्याचे ब्रीद होते. ऑस्टिनच्या इंजिनात दोन-दोन सिलिंडरना हवा-पेट्रोलाचे मिश्रण एकाच तोंडातून मिळे. चॅपमनने आत पडदा घालून ते तोंड विभागले. नियमात मनाई नव्हती. त्याची गाडी इतरांना भारी पडू लागली आणि नंतर नियम बदलून ती पळवाट बुजवण्यात आली. हाच चॅपमन पुढे ‘लोटस’चा संस्थापक म्हणून जगभर नावाजला गेला. स्वस्त शर्यतीने काय घडू शकते याचा हा दाखला; त्याचबरोबर हुशार स्पर्धक नियमातील मोकळी जागा किती बारकाईने वाचतो, याचाही.

बॉडीच्या बाबतीतला सर्वांत गाजलेला दाखला मात्र अमेरिकेतील ‘नॅस्कार’चा आहे आणि तो श्रीमंत शर्यतीचा असूनही येथे सांगण्यासारखा आहे. ऑगस्ट १९६६ मध्ये अटलांटा येथील शर्यतीसाठी ज्युनिअर जॉन्सन यांनी फोर्ड गॅलक्सी गाडी आणली. वास्तविक या शर्यती कारखान्यातून निघणाऱ्या गाडीच्याच रूपात धावायच्या. जॉन्सन यांच्या गाडीचे नाक खाली झुकवलेले, छप्पर बुटके केलेले, पुढची काच मागे कललेली आणि शेपूट वर उचललेले होते. पिवळ्या रंगामुळे लोकांनी तिला ‘पिवळे केळे’ म्हणायला सुरुवात केली. त्याच शर्यतीत स्मोकी युनिक यांची शेव्हरोले शेवेलही बॉडीतील चलाख बदलांसह उतरली होती. दोन्ही गाड्या तपासणीत पास झाल्या. आणि त्याच तपासणीत काही इतर गाड्या मात्र किरकोळ कारणांवरून नापास झाल्या.

असे का झाले? त्या वर्षी इंजिनाच्या नियमांवरून फोर्ड कंपनीने शर्यतींवर बहिष्कार टाकला होता, प्रेक्षक रोडावले होते आणि आयोजकांना फोर्ड गाडी व नावाजलेले चालक हवे होते. केळे नियमात बसत नव्हते. पण गल्ल्यात बसत होते. ती गाडी शर्यत पूर्ण न करताच बाद झाली आणि तिला पुन्हा न आणण्याची समज देण्यात आली. मात्र या प्रकारानंतर ‘नॅस्कार’मध्ये बॉडी मोजण्याचे साचे आले. गाडीच्या पाठीवर, नाकावर साचा ठेवायचा. फट दिसली की गाडी परत. तेव्हापासून अर्थ लावण्याचा प्रश्नच मिटला, निदान कागदोपत्री तरी.

स्वस्त स्पर्धेत हा साचा चालत नाही. दहा वर्षे अंगणात गंजलेली, मागून ठोकलेली, एका बाजूचे दार दुसऱ्याच गाडीचे असलेली मोटार कोणत्या साच्यात बसणार? साचे नाहीत म्हणून पंचाचे डोळे आणि पंचाचे डोळे म्हणून पक्षपाताचा धोका, असा हा सौदा आहे. ‘पिवळ्या केळ्या’ची खरी शिकवण पत्र्याविषयी नाहीच. तपासणी करणाऱ्याला निकालात रस असेल, तर अर्थ कोणत्याही बाजूला वाकतो, हे त्या दिवशी अटलांटात दिसले. ‘लेमन्स’चे पंच लाच उघडपणे घेतात, कारण खरा पैशाचा रस तेथे मुळात ठेवलेलाच नाही. बक्षिसाची रक्कम तुटपुंजी आणि तीही एके काळी पाच-पाच सेंटच्या नाण्यांच्या पोत्यात दिली जाई.

जेथे सुबकपणालाच गुण

सर्वच स्वस्त स्पर्धा कुरूपतेला मान देतात असे नाही. फ्लोरिडातून निघणाऱ्या ‘ग्रासरूट्स मोटरस्पोर्ट्स’ या मासिकाच्या स्पर्धेत बरीच वर्षे गंमत अशी होती की, खर्चाची मर्यादा आणि सालाचा आकडा एकच असे. २००८ साली २००८ डॉलर! येथे गाडीला तीन परीक्षा द्याव्या लागतात : शंकू मांडलेल्या वळणावळणाच्या मार्गावर घड्याळ लावून धावणे, सरळ पट्ट्यावरील ड्रॅग शर्यत आणि परीक्षकांपुढे गाडीचे प्रदर्शन. या तिसऱ्या परीक्षेत कल्पकता आणि कामाची सफाई यांना गुण आहेत. परिणामी, ‘लेमन्स’मध्ये जो ओबडधोबड पत्रा टाळ्या मिळवेल, तोच येथे गुण घालवेल.

या स्पर्धेतील महत्त्वाचे कलम वाजवी बाजारभावाचे आहे. मित्राने बॉनेट फुकट दिले म्हणून ते शून्य डॉलरचे होत नाही. कोणालाही ते जेवढ्याला मिळाले असते, तेवढी किंमत धरावी लागते. रंगाचा डबाही हिशेबात येतो, म्हणून कित्येकांनी मोटारीचा महाग रंग टाळून घराच्या लोखंडी फाटकाला लावायचा रंग रोलरने मारला आणि तो पाण्याखाली घासून घासून चकाकवला. श्रम फुकट असल्याने घासणे परवडते. प्रत्येक संघ सोबत बांधणीची वही आणतो. तीत खरेदीच्या पावत्या, विकलेल्या भागांची नोंद आणि टप्प्याटप्प्याची छायाचित्रे असतात. बॉडीच्या वादात ही वही वकिलाचे काम करते. कापलेल्या मडगार्डचे ‘आधी’चे छायाचित्र नसेल, तर ते तुम्हीच रुंद केले की तयार आणून चिकटवले, हे सांगणार कसे?

इंग्लंडमधील तिसरा मार्ग वेगळाच आहे. रॉन चॅम्पियन यांनी १९९६ मध्ये अडीचशे पौंडांत स्वतः स्पोर्ट्स कार कशी बांधावी यावर पुस्तक लिहिले आणि त्यातून ‘लोकॉस्ट’ गाड्यांची पिढी उभी राहिली. त्यांची बॉडी बहुतांशी सपाट ॲल्युमिनियम पत्र्याची आणि ठरावीक धाटणीची. सर्वांचा आकार जवळपास एकच असला, की अर्थ लावायला फार काही उरत नाही. मजाही थोडी कमी होते.

जेथे अर्थ लावायला जागा नाही

वर सांगितलेली सारी लवचिकता चालकाच्या पिंजऱ्यापाशी येऊन संपते. पिंजऱ्याच्या नळीचा व्यास आणि जाडी गाडीच्या वजनानुसार ठरवून दिलेली असते आणि तेथे ‘साधारण’ हा शब्द चालत नाही. बॉडी कापण्याआधी प्रत्येक स्पर्धकाने एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आधुनिक मोटारीला बहुधा वेगळी चासी नसते. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा असतो. छप्पर, दाराखालची पट्टी, पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब आणि इंजिनामागचा पडदा हे सारे मिळून भार वाहतात. गाडी हलकी करण्याच्या नादात छप्पर कापले, तर वळणावर सांगाडा पिळवटतो, दारे अडकतात, काच तडकते. नीट जोडलेला पिंजरा यातील बरीच ताकद परत देतो. पण तो गंजलेल्या फरशीवर उभा असेल, तर अपघातात त्याचे पाय फरशीतून खाली घुसतात. पिंजरा कितीही उत्तम असला, तरी पायाखाली निरोगी पत्रा हवा.

दाराच्या आतला पत्रा कापून वजन घटवणे हा आवडता उद्योग. त्याला परवानगी मिळते ती पिंजऱ्याच्या आडव्या नळ्या दाराच्या जागी पुरेशा असतील तर. उघडझाप करणाऱ्या छपराच्या काचा, आतील अस्तर, प्लास्टिकचे सुटे भाग काढून टाकणे हे मात्र निःशंकपणे करावे. आगीत तेच आधी पेटते.

आगीचा विषय निघाला आहे तर इंजिन आणि चालक यांच्यातील पडद्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. जुनी वायरिंग, हीटरच्या नळ्या, वातानुकूलन यंत्र काढले की या पडद्याला भोके राहतात. बॉडी सजवण्यात महिनाभर घालवणारे संघ ही भोके चिकटपट्टीने बंद करून येतात आणि तपासणीत अडतात. अडलेच पाहिजेत. त्या भोकांतून पेटलेले तेल आत येते. तेथे पत्राच हवा, रिबेट मारलेला. हीच काळजी गाडीच्या पोटाखाली सपाट पत्रा बसवताना घ्यावी लागते. हवा सुरळीत जावी म्हणून पोट झाकले जाते खरे, पण जुन्या इंजिनातून गळणारे तेल त्या पत्र्यावर साचते आणि एक्झॉस्टच्या उष्णतेने पेट घेऊ शकते. दुकानांच्या पाट्यांना वापरतात तो पन्हळी प्लास्टिकचा तक्ता स्वस्त व हलका म्हणून या स्पर्धकांचा लाडका आहे. एक्झॉस्टच्या आसपास मात्र तो मेणासारखा वितळतो.

विमान, आणि पालथी कॅमॅरो

सुरक्षितता आणि खर्च ही दोन कुंपणे सांभाळली, तर बॉडीला किती मोकळीक मिळते याचे उत्तर २०१३ साली जेफ ब्लॉक या स्पर्धकाने दिले. तेव्हा वॉशिंग्टनच्या पोलीस दलात नोकरी करणारे ब्लॉक ‘स्पीडीकॉप’ या नावाने ओळखले जातात. त्या वर्षी त्यांच्या चमूने फोर्ड फेस्टिव्हा या छोट्या गाडीवर शेव्हरोले कॅमॅरोची बॉडी उलटी बसवली. चाके आकाशाकडे, छप्पर जमिनीलगत, आणि या पालथ्या गाडीतून चालक शर्यत धावतो आहे! त्याच वर्षी त्यांनी १९५६ सालच्या सेस्ना ३१० विमानाचे धड टोयोटा व्हॅनच्या सांगाड्यावर चढवले आणि ते शर्यतीत पळवले.

हे दोन्ही प्रकार नियमात कसे बसले, याचे विश्लेषण उद्बोधक आहे. आतली गाडी कारखान्यात तयार झालेली, चार चाकांची, रस्त्यावर चालण्यासाठी बनवलेली होती. आत पिंजरा होता, चालकाला दिसत होते. विमानाच्या धडाने गाडी जड झाली, हलकी नव्हे. वेग घटला, वाढला नाही. सजावटीची व्याख्या याहून चोख करता येणार नाही. मोठ्या बदलाला परवानगी आणि छोट्या स्प्लिटरवर दंड, ही विसंगती वाटते. पण तीच येथील न्यायाची पद्धत आहे. बदल किती मोठा, हा प्रश्न नाही. त्याचा फायदा कोणाला आणि धोका कोणाला, हा आहे.

आपल्याकडील चित्र

भारतात अशी शर्यत मूळ धरेल का, याचे उत्तर देताना कायद्याची आठवण ठेवावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. पुण्या-मुंबईच्या गॅरेजांत हौसेने रुंद मडगार्ड आणि उंच पंख बसवून घेणाऱ्यांनी हे वाचून ठेवलेले बरे. बंद ट्रॅकवरील शर्यतीची गाडी ही वेगळी बाब. पण ती रस्त्याने चालवत न नेता वाहून न्यावी लागणार.

कमी खर्चात गाडी बांधण्याचे शिक्षण मात्र येथे सुरू झालेले आहे. मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे २००७ पासून ‘बाजा एसएई इंडिया’ ही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू झाली आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे संघ तिच्यात हिरिरीने उतरत आले आहेत. खडकाळ मार्गावर धावणारी एकआसनी गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः बांधायची असते आणि तिच्या खर्चालाही गुण असतात. ज्या अमेरिकी ‘बाजा’ स्पर्धेवर ती बेतलेली आहे, तिच्या नियमांत बॉडीसाठी आखलेली चौकट पाहण्यासारखी आहे. चालकाच्या दोन्ही अंगांना, सांगाड्याच्या खालच्या नळीपासून बाजूच्या आडव्या नळीपर्यंतचा भाग झाकलेला हवा. त्यासाठी प्लास्टिक, फायबर किंवा धातू काहीही चालेल. परंतु पाव इंचाहून मोठी फट राहता कामा नये. कारण दगड आणि फांद्या आत येऊन चालकाला इजा होऊ नये, एवढाच या पत्र्याचा हेतू.

नियमात हेतू असा लिहून दिला, की विद्यार्थ्याला आणि परीक्षकाला एकाच बाजूने विचार करता येतो. रंग कोणता, वळण कसे, नक्षी कोणती याच्याशी परीक्षकाला कर्तव्य उरत नाही. तो पाव इंची सळई घेऊन गाडीभोवती फिरतो आणि ती फटीत शिरते का, एवढे पाहतो.